कुपनाचे पैसे कोण भरतंय, ते आधी पाहा

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही वाकडला राहता, नवरा-बायको दोघेही नोकरी करता, घरात सासूबाई आणि आठ महिन्यांचं बाळ आहे. फोनवर किराण्याची चार अ‍ॅप आहेत. रोज रात्री कुपनं शोधण्यात तासभर जातो. प्रत्येक बिलाखाली ‘तुम्ही एवढे रुपये वाचवले’ असं हिरव्या अक्षरांत येतं, तरी महिन्याचा किराणा कमी न होता वाढतच चाललाय. यजमान म्हणतात हा नाद सोड. तुम्ही विचारताय की कुपनांनी खरंच पैसे वाचतात का, वाचत असतील तर तुमचं कुठे चुकतंय, आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीवर एकही कुपन का चालत नाही.

मी पुण्यात एका किराणा साखळीच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काम केलं. कुठल्या आठवड्यात काय स्वस्त लावायचं, कंपनीकडून त्यासाठी किती पैसे काढायचे, अट काय घालायची, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक होते. आता छोट्या दुकानदारांना मालाचं नियोजन करून देते. त्यामुळे हे उत्तर दुकानाच्या आतल्या बाजूने आहे.

कुपनांनी पैसे वाचतात. पण तुम्ही बचत ज्या आकड्यावर मोजताय तो आकडा बचतीचा नाहीच. बिलाखालची ती रक्कम म्हणजे छापील किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक. एमआरपी म्हणजे कंपनीने छापलेली कमाल किंमत, सगळे कर धरून. त्याहून जास्त घेतले तर गुन्हा, कमी घेतले तर दुकानदाराची मर्जी. शहरात डिटर्जंट, चहा, तूप, बिस्किटं असा माल छापील किमतीला विकणारी मोठी दुकानं मला तरी माहीत नाहीत. म्हणजे जो भाव तुम्ही कधीच दिला नसता, त्याच्याशी तुलना करून तुम्हाला बचत दाखवली जाते. दोनशे चाळीस छापलेली पावडर तुमच्या जवळच्या दुकानात रोजच दोनशे दहाला मिळत असेल आणि अ‍ॅपवर कुपन लावून दोनशे पाचला पडली, तर वाचले पाच रुपये. बिल म्हणेल पस्तीस.

म्हणून सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा आधारभाव हवा. तुमच्या घरात नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंचा, कुपन न लावता, जवळच्या स्वस्त दुकानात मिळणारा भाव एका वहीत लिहा. फोनमध्येही चालेल, पण वही सासूबाईंनाही उघडता येते आणि त्यांना डाळ-तांदळाचा भाव तुमच्यापेक्षा जास्त लक्षात असेल, हे मी खात्रीने सांगते. डीमार्ट जवळ असेल तर तिथली एका महिन्याची लांब पावती आधारभावाला पुरते. २००२ साली पवईतून सुरू झालेल्या या दुकानाचा सगळा धंदाच कुपनांशिवाय रोज कमी भाव लावण्यावर उभा आहे, म्हणून फूटपट्टी म्हणून ती पावती चांगली. दर तीन महिन्यांनी आकडे बदला. ही वही नसताना शोधलेलं कुपन म्हणजे अंदाज.

आता मुख्य मुद्दा. कुठलंही कुपन समोर आलं की मी एकच प्रश्न विचारते: हे पैसे कोण भरतंय? सूट आभाळातून पडत नाही, कोणाच्या तरी खात्यातून जाते. ते खातं कोणाचं हे कळलं की कुपन कधी वापरायचं आणि कधी सोडायचं ते आपोआप कळतं.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या बायका कुपनांवर गाडीभर सामान फुकट आणताना तुम्ही व्हिडिओत पाहिल्या. तिथली रचना वेगळी आहे. तिथे माल बनवणारी कंपनी स्वतः कुपन काढते, दुकान ते ग्राहकाकडून घेऊन कंपनीकडे पाठवतं आणि कंपनी दुकानाला ती रक्कम आणि वर थोडा हाताळणी खर्च देते. दुकानाचं स्वतःचं कुपन वेगळं असतं. म्हणून काही ठिकाणी एकाच वस्तूवर दोन कुपनं चढवता येतात. शिवाय तिथे पाकिटावर छापील कमाल किंमत नसते. आपल्याकडे कंपनीला ग्राहकापर्यंत सूट पोचवायची असेल तर ती पाकिटावरच छापते: वीस टक्के जास्त, चारवर एक मोफत, सोबत डबा. ते व्हिडिओ पाहून इथे तेच करायला गेलात तर निराशाच होईल.

कंपनीच्या पैशातली सूट ओळखायला सोपी. ती सगळीकडे एकाच वेळी दिसते, पाकिटावर असते, त्यासाठी कुपन लागत नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, भांड्यांचा बार, नूडल्स, बिस्किटं, चहा अशा मालात ती भरपूर असते, कारण तिथे मार्जिन जाड आहे आणि स्पर्धा दाट. यातली एक गोष्ट ग्राहकांना सहसा माहीत नसते. कंपनीच्या विक्री प्रतिनिधींना महिनाअखेर आणि तिमाहीअखेर टार्गेट पुरं करायचं असतं, त्यामुळे त्या दिवसांत दुकानदाराला मिळणाऱ्या स्कीम भारी होतात, बारा नगांवर एक नग मोफत वगैरे. ती स्कीम पाकिटावर छापलेली नसते, दुकानदाराच्या बिलात असते. तुमचा कोपऱ्यावरचा वाणी ती स्वतःकडे ठेवू शकतो किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाला थोडी देऊ शकतो. ‘डिटर्जंटवर स्कीम चालू आहे का हो?’ एवढं विचारा. पाच पाकिटं एकदम घेणाऱ्याला तो बहुतेक वेळा भाव कमी करून देतो, आणि तो भाव कित्येकदा अ‍ॅपच्या कुपनाहून खाली असतो.

दुकानाच्या स्वतःच्या पैशातली सूट वेगळ्या कारणाने येते. साखर, तेल, कांदे, तांदूळ यांचा भाव प्रत्येक गृहिणीला पाठ असतो, म्हणून दुकान त्यातल्या एक-दोन वस्तू जवळजवळ खरेदीच्या भावात, कधी तोट्यातही लावतं. गिऱ्हाईक साखरेसाठी येतं आणि जाताना फरसाण, जॅम, प्लास्टिकचे डबे घेऊन जातं. तोटा तिथे भरून निघतो. २००६ साली बिग बझारने २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ सुरू केला तेव्हा दुकानांसमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ती साखळी आज नाही, पण ती पद्धत सगळ्यांनी उचलली. अशा वेळी स्वस्त लावलेली वस्तू तेवढी घ्यायची आणि निघायचं. यात गैर काही नाही. आम्ही ऑफर लावताना काही लोक तेवढंच नेतील हे धरूनच हिशेब करायचो.

बँकेच्या पैशातली सूट मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिने वस्तूचा भाव हलत नाही, बिलावर वरून वजावट होते. मात्र तिच्या अटी नीट वाचाव्या लागतात. समजा कार्डावर लिहिलंय: १० टक्के सूट, कमाल १५० रुपये, किमान खरेदी ९९९, महिन्यातून एकदा. एक हजाराचं बिल केलंत तर शंभर वाचले आणि महिन्याची संधी संपली. पंधराशेचं केलंत तर दीडशे, म्हणजे पूर्ण दहा टक्के. चोवीसशेचं केलंत तरी दीडशेच, म्हणजे सव्वासहा टक्के. या कार्डासाठी बिल पंधराशेच्या आसपास बसवायचं आणि उरलेलं सामान दुसऱ्या कार्डावर किंवा दुसऱ्या दुकानात. तुमच्या घरात दोन पगार आणि बहुधा तीन-चार कार्डं आहेत, त्यामुळे महिन्याचा मोठा किराणा असा दोन-तीन तुकड्यांत बसवता येईल. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तरच हे करा. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज आणि त्यावर जीएसटी लागतो. सहा महिन्यांची कुपनं एका चुकलेल्या तारखेत जातात.

अ‍ॅपच्या पैशातलं कुपन हे तुमच्या सवयीची किंमत आहे. नव्या माणसाला पहिल्या ऑर्डरला मोठी सूट, मग थोडी कमी, मग सवय लागली की फुटकळ. आठ-दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपांचं गणित तुम्ही वारंवार ऑर्डर द्याल यावर चालतं. तुम्ही रोज रात्री अ‍ॅप उघडता म्हणजे मोठी सूट देऊन तुम्हाला बोलावण्याची त्यांना गरज नाही. एखादं अ‍ॅप दोन-तीन आठवडे उघडूच नका, बऱ्याचदा परत बोलावणारं चांगलं कुपन येतं. ते आलं की वहीतल्या भावाशी ताडून वापरा.

आणि पाचवी शक्यता, जी तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त घडतेय असं तुम्ही दिलेल्या बिलांवरून दिसतं: पैसे तुम्हीच भरताय. ७९९ च्या वर शंभर रुपये सूट, असं कुपन आहे. तुम्हाला लागणारं सामान आहे ६२० रुपयांचं. मग तुम्ही १८० रुपयांचं आइस्क्रीम आणि चिप्स टाकता, बिल आठशे, सूट जाऊन सातशे. शंभर वाचले असं वाटतं, प्रत्यक्षात ऐंशी जास्त गेले. आता त्याच जागी १८० रुपयांचं, पुढच्या महिन्यात नक्की लागणारं डिटर्जंट टाका. तेवढेच सातशे गेले, पण पुढच्या महिन्याचा १८० चा खर्च ऐंशीत झाला. कुपन तेच. म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी ‘भरतीच्या वस्तूं’ची वेगळी यादी करायला सांगते: न नासणाऱ्या, हमखास लागणाऱ्या, शंभर ते दोनशे रुपयांच्या. भांड्यांचा बार, टूथपेस्ट, चहा, कचऱ्याच्या पिशव्या, मीठ, तुमच्याकडे डायपर. अट पुरी करायला कमी पडलं तर याच यादीतून घ्यायचं. यादीत काही उरलं नसेल तर कुपन सोडून द्यायचं.

याच हिशेबात डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरची फी, पावसातली फी हे सगळं धरा. तुमच्या एका बिलात कुपनाने पन्नास सुटले आणि फीमध्ये एकेचाळीस गेले. महिन्यातून पंधरा-वीस छोट्या ऑर्डरी देणाऱ्याला कुपनांनी वाचवणं फार अवघड आहे, मग तो कितीही हुशारीने शोधो. वॉलेटमध्ये मिळणारा कॅशबॅक, ज्याला मुदत असते, तो वापरेपर्यंत शून्य धरा.

खोटंच ‘फक्त नऊ मिनिटं उरली’, न विचारता कार्टमध्ये पडलेली देणगी किंवा विकतची वस्तू, शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेली रक्कम, हे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी रचना, म्हणून मनाईच्या यादीत घातले आहेत. तिथे एकूण तेरा प्रकार दिलेत. दिसले तर स्क्रीनशॉट घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. एमआरपीहून जास्त घेतल्याची तक्रारही तिथेच करता येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘पाचशेचं कुपन मिळवा’ अशा लिंका उघडू नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.

बाळाच्या पावडरीबद्दल. तिथे कुपन चालत नाही यात अ‍ॅपचा कंजूषपणा नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि बालआहार यांचा खप वाढावा म्हणून भेटवस्तू किंवा आमिष देण्याला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आईचं दूध मागे पडू नये हा त्यामागचा हेतू आणि तो मला पूर्ण पटतो. बहुतेक कुपनांच्या बारीक अक्षरांत ‘बेबी फूड वगळून’ असं असतं ते त्यामुळे. तुमच्या खर्चातला हा भाग कुपनांच्या बाहेरचा समजा. डायपर आणि वाइप्स मात्र या कायद्यात येत नाहीत, आणि तिथे कंपन्यांची चढाओढ मोठी असल्याने कुपनं खरोखर कामाची ठरतात. फक्त एकाच मापाचे डायपर फार भरून ठेवू नका. या वयात बाळं भराभर मापं ओलांडतात.

सूट पाहण्याआधी वजन पाहायची सवय लावा. तेलाचं उदाहरण घेते, कारण तिथे फरक चटकन डोळ्यात भरत नाही. एक लिटर सोयाबीन किंवा सूर्यफूल तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात आता ८५० ग्रॅमच्या, त्याहूनही कमी वजनाच्या पिशव्या आहेत, दिसायला अगदी लिटरच्या पिशवीसारख्या. ठराविक मापांतच पाकिटं भरण्याचं बंधन उठल्यापासून हे वाढलं. समजा लिटरची पिशवी १५५ ला आहे आणि ८५० ग्रॅमची कुपन लावून १४८ ला. पहिलीत शंभर ग्रॅम सतरा रुपये तीन पैशांना पडतं, दुसरीत सतरा रुपये एक्केचाळीस पैशांना. स्वस्त दिसली ती महाग निघाली.

पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापणं बंधनकारक आहे, त्याचा उपयोग करा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा असतो आणि वरच्यावर किलोचा, म्हणून ग्रॅमच्या दराला हजारने गुणूनच तुलना करायची. पाव किलो चहावर ०.५६ रुपये लिहिलं असेल तर तो ५६० रुपये किलो झाला. शेजारी किलोचा पुडा ५२० ला असेल तर तो घ्या. दुसरं म्हणजे हा दर एमआरपीवर काढलेला असतो, तुम्हाला मिळालेल्या भावावर नाही. सूट वेगवेगळी असेल तर हिशेब स्वतःच करावा लागतो. आणि मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असंही नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा दर मिलीला स्वस्त पडते, पाच-दहा रुपयांची बिस्किटंही कित्येकदा मोठ्या पुड्याहून स्वस्त असतात, कारण त्या किमतीवर कंपन्यांची लढाई सगळ्यात तीव्र असते.

एकावर एक मोफत दिसलं की मुदत पाहा. आम्ही मुदत जवळ आलेला माल असाच काढायचो. माल चांगला असतो, तो वेळेत संपणार असेल तर बेलाशक घ्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की घरी पोचताना मालाची निदान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. त्याहून जुना आला तर डिलिव्हरीवाल्या मुलाशी वाद घालू नका, अ‍ॅपवर फोटो टाकून परत करा.

आता जिथे खरी मोठी रक्कम आहे तिथे येते. तुमच्या खर्चाचा बराचसा भाग धान्य, डाळी, तेल, शेंगदाणे, दूध, भाजी यांचा आहे. यांवर मार्जिन पातळ असतं, म्हणून कुपनं यांना एक तर वगळतात किंवा आधी भाव चढवून मग लागू होतात. इथे बचत हंगामातून येते. नवी तूर डिसेंबरपासून निघते आणि नवी डाळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते. हरभरा त्याच्या मागोमाग, गहू मार्च-एप्रिलमध्ये, इंद्रायणी-आंबेमोहोर तांदूळ दिवाळीनंतर. आवक भरपूर असताना भाव सहसा नरम असतात आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत डाळी, बेसन, साखर, शेंगदाणे यांना मागणी चढते. आषाढी किंवा नवरात्राच्या तोंडावर साबुदाण्यावर कोणी चांगलं कुपन देत नाही, दोन आठवडे आधी घेतलेला बरा.

आपल्या आज्या एप्रिल-मेमध्ये वर्षाचं भरून ठेवायच्या ते याच हिशेबाने, पण त्यांच्याकडे माळा, कोठ्या आणि उन्हाची गच्ची होती. वाकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वर्षाचा गहू ठेवा असं मी सांगणार नाही. तीन महिन्यांची डाळ आणि दोन महिन्यांचा तांदूळ एवढं जमतं. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा, डबे कोरडे ठेवा, पावसाळ्याआधी एकदा ऊन द्या. घरात बाळ आहे, तेव्हा धान्यात बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या नकोत. कडुलिंबाचा वाळवलेला पाला पुरतो.

सोसायटीतली चार-पाच घरं एकत्र आली तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार, म्हणजे धान्य-डाळींच्या, विभागात एक फेरी मारा. कट्ट्याने, म्हणजे अख्ख्या पोत्याने, घेऊन वाटून घेतलेला तांदूळ आणि डाळ सुट्या भावापेक्षा स्वस्त पडते, आणि माल हातात घेऊन, दाताखाली चावून पाहता येतो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. २६ आणि ३० किलोची पोती बाजारात दिसू लागली ती यामुळे. एकत्र खरेदीची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवून वाटतेय. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे सहज सुरू होईल. पेट्रोल आणि अर्धा दिवस धरून परवडतं का ते मात्र पाहा. दोन घरांसाठी नाही परवडत, पाच घरांसाठी परवडतं.

मग रोजच्या त्या तासाचं काय करायचं? बंद करा. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, वही आणि सासूबाई दोघींना समोर घेऊन बसा. न नासणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी करा. आधी आधारभाव पाहा, मग कोणत्या कार्डावर कोणत्या अ‍ॅपला किंवा दुकानात सूट आहे ते पाहा, कमाल मर्यादेप्रमाणे यादीचे दोन किंवा तीन तुकडे करा आणि ऑर्डर द्या. तुम्ही नोकरी करता त्या कंपनीच्या पोर्टलवर किंवा बँकेच्या रिवॉर्ड पॉइंटवर त्याच दुकानाचं गिफ्ट व्हाउचर दोन-चार टक्के कमी किमतीत मिळत असेल तर पैसे त्याने भरा. ही आपल्याकडची दोन सवलती एकावर एक चढवण्याची खरी जागा, पण व्हाउचर घेण्याआधी त्यावर बँकेची ऑफर लागू होते का ते तपासा, बऱ्याचदा होत नाही. नासणारा माल, म्हणजे दूध, भाजी, फळं, ही कोपऱ्यावरून किंवा आठवडी बाजारातून. दहा मिनिटांचं अ‍ॅप अडीनडीला, कुपन न शोधता. रात्री दोन वाजता बाळासाठी काही लागलं तर वीस रुपये जास्त देणं योग्यच आहे, त्याची टोचणी लावून घेऊ नका.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला यातली निम्मी कुपनं लागूच होत नाहीत, पण त्याला डाळ थेट मिलमधून मिळते. एकट्या राहणाऱ्याला १५०० चं बिल करण्यात अर्थ नाही. ज्या घरात स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं फरसाण दोन दिवसांत संपतं, त्या घरात साठा करणं म्हणजे खाणं वाढवणं. तुमच्याकडे दोन पगार, कार्डं, साठवायला बेताची जागा आणि अनुभवी सासूबाई आहेत, म्हणून मी वर लिहिलेलं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण दोघेही आयटीत आहात म्हणून सांगते. पूर्वी कंपन्या नोकरदारांना सोडेक्सोच्या जेवणाच्या कागदी कुपनांची पुस्तिका द्यायच्या आणि बरेच वाणीही ती घ्यायचे. आता ती कार्डं झालीत, त्यांच्यावरचं सोडेक्सो हे नावही प्लक्सी झालंय, आणि अनेक किराणा दुकानांत ती चालतात. जुन्या करपद्धतीत अशा जेवणाच्या व्हाउचरवर ठरावीक मर्यादेपर्यंत कर लागत नाही. तुम्ही दोघं कुठल्या पद्धतीत आहात आणि सध्याचा नियम काय आहे ते कंपनीच्या अकाउंट्स विभागाला विचारा. लागू असेल तर किराण्याच्या पैशावरचा करच वाचतो आणि तेवढी सूट एकही अ‍ॅप देऊ शकणार नाही.

यजमानांशी वाद घालण्याऐवजी मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट काढा आणि किराण्याचे सगळे व्यवहार एका कागदावर बेरजा. पुढचे तीन महिने वही ठेवून पुन्हा बेरीज करा, बाळाची पावडर आणि डायपर वेगळे धरून, कारण तो खर्च बाळाबरोबर बदलत राहणार. दोन्ही कागद इथे टाकलेत तर वस्तूवार पाहून सांगेन, अजून कुठे गळतंय ते.